तुमच्या नावाची कयाक

२० जानेवारी
बोटीवर, दुपार

गार्गीच्या बाबांस,

आधी एक विचारून टाकते, नाही तं हात पुढे चालणार नाही. सकाळची गोळी घेतली का? घेतली असंन तं बरं. नसंन घेतली तं मले काय करायचं.

झालं. सुटली एकदाची.

आता ऐका. ऐका म्हणजे वाचा. मी मुद्दाम लिहून राहिली. मी बोलायले लागली की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, कागदापुढे तो इलाज चालत नाही. इथे फोनले रेंज नाही, टपाल तं नाहीच. किनाऱ्यावर परत गेल्यावर सारी पत्रं एकदम टाकीन. माझ्या आधी पोचतात की माझ्या मागून, देव जाणे.

तुम्ही म्हटलं, "जा नं. कोणं धरून ठेवलं तुले?" वर्षानुवर्षं म्हणून राहिले. माहेरी जाते म्हटलं की जा नं. गार्गीच्या होस्टेलवर पुण्याले दोन दिवस राहून येते म्हटलं की जा नं, कोणं धरलं. अन् लगेच पुढे, "पण आईच्या पथ्याचं कोण पाहीन? माझा डबा?" दार सताड उघडायचं अन् उंबऱ्यात कुकर मांडून ठेवायचा, अशी तुमची रीत. यावेळी मी कुकर ओलांडून आली.

तुमचा पाय मोडला हे वाईटच झालं. मी त्यात खूश नाही. कन्हानच्या काठावर शेवाळावरून घसरले, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्ही पहिलं काय म्हटलं, आठवते? मी तुमचा पाय उशीवर ठेवून राहिली होती, अन् तुम्ही म्हटलं, "आता अंदमानचं कसं होईन?" आता तुझ्यानं होईन का, दिपाली, असं नाही. अंदमान.

वर्षभर घरात तेच चाललं होतं ना. दर रविवारी तुम्ही, ऋषीभाऊ, सौरव अन् गौरांग कन्हानवर गळ टाकून बसायचे, अन् सांजेले आपल्या समोरच्या खोलीत त्याच गोष्टी. एक मोठी बोट राहते, तिच्यावरच खायचं अन् झोपायचं. ती एका दूरच्या बेटाजवळ नांगर टाकून उभी राहते. सकाळी तिच्यावरून कयाक खाली सोडतात, म्हणजे एकाच माणसाची चिंचोळी प्लास्टिकची होडी, अन् ज्यानं त्यानं आपापल्या कयाकमध्ये बसून दिवसभर मासे धरायचे. माझं सारं पाठ झालं होतं. तुमाले चहा देता देता मी मनातल्या मनात कितीदा तरी जाऊन आली होती.

मंग एका दुपारी, तुम्ही घोरून राहिले होते, मी ऋषीभाऊले फोन केला. म्हटलं, "हे म्हणतात, माझी जागा फुकट जाऊ नये, दिपालीले घेऊन जा. पण त्यायच्यापुढे विषय काढू नका, जिवाले लागते त्यायच्या."

खोटं बोलली. साफ खोटं. जीभ अडखळली बी नाही. ऋषीभाऊनं तिकिटावरचं नाव बदलून घेतलं.

तुमाले उपाशी ठेवलं नाही मी. तुमची बहीण प्रेमिलाताई वर्ध्याहून आल्या. इंदूबाई दोन्ही वेळच्या पोळ्या-भाजी करून जाईन म्हणाली. ऑटो दारात आला तवा तुमाले सांगितलं, "मी चालली." तुम्ही मॅच पाहून राहिले होते. म्हणाले, "येताना कोथिंबीर आणजो."

म्हटलं, "मी अंदमानले चालली."

तुम्ही हसले. मले वाटते ऑटो इतवारीतल्या हातगाड्यांमधून निघेपर्यंत तुम्ही हसतच असाल.

दिपाली


२१ जानेवारी
बोटीवरचं स्वयंपाकघर

हाव, स्वयंपाकघरच. वाचून हसायचं तं खुशाल हसा.

हे स्वयंपाकघर आपल्या न्हाणीघराएवढं आहे. एक गोल खिडकी. खिडकीत पाणी वर येते, खाली जाते, वर येते, खाली जाते. आपल्या घरी खिडकीतून भांडेवाल्याच्या गोदामाची भिंत दिसते, तिले मी इतकी वर्षं नावं ठेवली. ती हलत तरी नव्हती.

कसं झालं ते सांगते. चूक माझीच. बॅग भरताना मी दोन सलवार-कुर्ते घेतले, अन् बाकी बॅगेत काय घातलं माहीत आहे? घरचं तिखट, काळा मसाला, सुकं खोबरं, ज्वारीचं पीठ अन् ठेच्याची बरणी. मायबाई! घर सोडून निघालेली बाई, अन् हात आपोआप डबे भरून राहिले. काहून? तं चार माणसं जेवायले असणारच, हे माझ्या हाताले माझ्या आधी माहीत. अख्खं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन आली मी.

पहिल्या सांजेले बोटीवरच्या आचाऱ्यानं पातळ रश्शातली मासळी केली. तपन नाव त्याचं. चांगली केली होती बिचाऱ्यानं. पण आपले नागपूरवाले! गौरांग हळूच म्हणते, "वहिनी, ठेचा आहे म्हणे तुमच्याजवळ?" मी बरणी काढली. मंग सौरव म्हणाला, "वहिनी, उद्या एकदा तुमच्या हातचा रस्सा होऊन जाऊ द्या. सुशीलच्या घरचा रस्सा अन् समुद्रातला मासा, अजून काय पाहिजे माणसाले!" मी बी भैताडासारखी म्हटलं, करीन एकदा.

एकदा! सकाळी पोहे केले. दुपारी रस्सा-भाकरी. आता सांजेसाठी झुणका पाहिजे म्हणे, बदल म्हणून. तपन जाम खूश आहे. तो मागच्या बाजूले पाय सोडून बसते, हातानंच दोरी टाकून मासे धरते अन् मधूनमधून मले हात करते.

अन् सकाळी हे तिघं आपापल्या कयाकमध्ये बसून निघाले. एक लाल, एक निळी, एक हिरवी. चौथी पिवळी आहे. ती वरच आडवी बांधून ठेवली आहे, माझ्या स्वयंपाकघराच्या जिन्यातून अगदी समोर दिसते. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर लिहिलं आहे "सुशील". तिकिटावरचं नाव बदललं, तिच्यावरचं कोणी बदललं नाही.

पण कांदे कापण्याचं दुःख नाही मले. खरा वैताग दुसराच आहे. तुम्ही इथे देव होऊन बसले! ऋषीभाऊ घास तोंडात घालतात अन् म्हणतात, "सुशील मोठ्या मनाचा माणूस. स्वतःचं स्वप्न होतं अन् बायकोले देऊन टाकलं." सौरव म्हणते, "वहिनी, नशीब काढलं तुम्ही." गौरांग म्हणते, "मी तं माझ्या बायकोले माझा चार्जर बी देत नाही." अन् मी भाकरी थापत हसते. हसावंच लागते. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाची बायको झुणक्याले नाही कशी म्हणणार?

खरं सांगून टाकावं असं दहादा ओठावर येते. पण मंग? याच बोटीवर, याच तिघांच्या तोंडासमोर बसायचं आहे. घरी असताना निदान डोकं फिरलं तं चप्पल घालून इतवारीत एक चक्कर मारून येता येते. इथे चप्पल घालून कुठं जाऊ? चारही बाजूले पाणी.

आईंच्या पायाले रात्री तेल लावायचं असते. प्रेमिलाताईले माहीत नसंन. पण हे पत्र तुमाले भेटेपर्यंत काय उपयोग.

दिपाली


२२ जानेवारी
बोटीवर, सांजवेळ

आज मी पाण्यात उतरली. पण नीट सांगते.

सकाळी सौरवनं एक मासा धरला. केवढा, काय सांगू! चांदीसारखा, कपाळ रुंद, चांगला आपल्या पाटाएवढा. तिघं नाचले. फोटो काढले. अन् मंग काय केलं? सोडून दिला.

मी म्हटलं, "कायले सोडला?"

"वहिनी, इथे असंच राहते," सौरव म्हणाला. "खायचे मासे तपन धरते. आम्ही धरतो, फोटो काढतो अन् सोडून देतो. त्याले काही त्रास नाही होत."

तुमाले खरं सांगते, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या तोंडाले भोक पडलं, दम निघेपर्यंत त्याले ओढलं, उन्हात हातावर घेऊन हसले, अन् वर म्हणतात त्रास नाही, सोडलं ना! मले तुमचंच तोंड दिसलं तिथे. "कोणं धरून ठेवलं तुले?"

इतकी वर्षं तुम्ही कन्हानहून जे आणलं ते मी साफ केलं. मरळ राखेनं घासली. वाम्ब हातातून निसटते, तिले मिठानं धरली. तुमच्या एकेका माशाचं पोट मी फाडलं, पण गळ कधी हातात धरू दिला नाही तुम्ही. "तुले पाच मिनिटं गप बसता येत नाही," म्हणायचे. तुमच्यासोबत जेवायले तरी मले कुठं पाच मिनिटं बसता येते? मान वर न करता तुम्ही नुसतं म्हणता, "मीठ." अन् मी उठते. हातातला घास ताटात ठेवून उठते.

तं मी पिठाचे हात धुतले अन् वर गेली. म्हटलं, "ऋषीभाऊ, पिवळी कयाक खाली घ्या."

तिघं एकमेकांकडे पाहायले लागले. ऋषीभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमाले पोहता येते का?"

"काटोलच्या आमच्या विहिरीत वरून उड्या मारत होती मी. लग्नाआधी."

"हे सुशीलनं कधी सांगितलं नाही."

"त्यायले माहीत असतं तं सांगितलं असतं."

तरी त्यायचं चालूच. समुद्र आहे वहिनी, सुशीलनं आमच्या भरवशावर पाठवलं वहिनी, काही झालं तं आम्ही काय करावं वहिनी. शेवटी मी म्हटलं, "यायनंच सांगितलं. एकदा तरी माझ्या कयाकमध्ये बसून ये म्हणाले." लगेच दोर सुटले! पाहा बरं. मले चार पावलं बाहेर पडायले बी तुमचंच नाव लागते. ते घेतलं नाही तं कोणी दार उघडत नाही.

अन् सोडली कशी म्हणता? कयाकच्या मागे दोर बांधून. दोराचं दुसरं टोक बोटीले. गाय चारायले बांधतात तशी मी अर्धा तास बोटीभोवती फिरली. तपन वरून टाळ्या वाजवून राहिला होता.

पण एक सांगते. पाणी इतकं जवळ असते हे मले माहीत नव्हतं. आपण त्याच्यावर बसतो अन् ते बुडाखाली श्वास घेतल्यासारखं हलते. मी वल्हं मारलं, ती पुढे गेली. मी मारलं म्हणून गेली. मले रडू आलं हो. मंग दोर ताणला गेला अन् हिसका बसला.

उद्या दोर सोडतील. ऋषीभाऊकडून कबूल करून घेतलं आहे. पोहे मात्र करून जायचे आहेत.

दिपाली


२३ जानेवारी
बोटीवर

आज अक्षर वाईट येईन, चालवून घ्या.

सकाळी पोहे झाले, दोर सुटला. लाइफ जॅकेट घट्ट बांधून दिलं, त्याच्यावर छातीपाशी एक लाल शिट्टी. काही झालं की वाजवायची. अन् गळ तुमचाच घेतला. तुमचा नवा गळ, जो तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवता अन् आईंले बी हात लावू देत नाही. बॅगेत तोही होता. ते तुमाले सांगायचं राहिलं होतं.

तिघं आपल्या आपल्या दिशेले गेले. मी जवळच बसली, गप. पाच मिनिटं नाही, लय वेळ. ऊन चढलं. अन् मंग असा हिसका बसला की मले वाटलं कोणं हात धरून ओढलं. कयाकच निघाली! मी वल्हंबिल्हं काही मारलं नाही, मासा ओढून राहिला अन् मी त्याच्या मागे. ओरडली पण, "अबे थांब!" थांबते काय तो. बोट लहान होत गेली. बेटाच्या मागच्या अंगाले एक वाळूचा पट्टा आहे, त्याच्यावर थोडी झाडं. तिथपर्यंत नेलं अन् कट्कन दोरी तुटली. तुमची चांगली दोरी गेली. मासा मी पाहिला बी नाही.

जरा दम घ्यावा म्हणून मी वाळूवर उतरली. कयाकचं नाक ओढून कोरड्या वाळूत टेकवलं, तुम्ही कन्हानवर नावेचं टेकवता तसंच, अन् झाडाखाली जाऊन बसली. आता यात काय चुकलं, सांगा. आपल्या नदीचं पाणी जिथं ठेवून जा तिथं सांजेपर्यंत सापडते. अंबाझरी तलावाचं तं वर्षभर तिथंच राहते. समुद्राचं पाणी चढते-उतरते हे मी शाळेत शिकली होती, परीक्षेत लिहिलं बी असंन. पण नागपूरच्या पायांले ते कुठून माहीत असणार?

झाडाखाली मी बसली. खिशातला एक लाडू खाल्ला, अख्खा, एकटीनं. कोणी "अवं" म्हटलं नाही. कोणी "वहिनी" म्हटलं नाही. मी वाळूवर आडवी झाली, चांगली हातपाय पसरून, अन् डोळा लागला.

जाग आली ती तळपायाले गार लागलं म्हणून. उठून पाहते तं पाणी झाडापाशी आलेलं अन् कयाक नाही! दूर एक पिवळा ठिपका. तुमचं नाव घेऊन चालली होती आपली मजेत.

मी पहिले हसली. खरंच. शिट्टी छातीपाशी होती, बोट बी दिसून राहिली होती, अंगठ्याएवढी. पण मी शिट्टी वाजवली नाही. म्हटलं, राहू दे जरा. आता मले कोणी नेऊ शकत नाही अन् मी कोणाकडे जाऊ शकत नाही. अडकायची तं मले सवयच आहे, पण आजपर्यंत कोणाचं ना कोणाचं काम हातात घेऊन अडकली. अशी नुसती, रिकाम्या हातानं कधी नाही. बरं वाटलं मले. तुमाले वाईट वाटलं तं वाटू द्या.

मंग पाणी चढतच गेलं. वाळू आधी आपल्या गच्चीएवढी होती, मंग खोलीएवढी झाली, मंग पलंगाएवढी. मी झाडाले पाठ लावून उभी. तवा कळलं की मी कुठं आहे हे जगात एकाले बी माहीत नाही. भेव वाटलं. मले गार्गी दिसली. आईंचे पाय दिसले. तुमचा चेहरा नाही आला, खरं सांगते, नुसतं ते प्लास्टर आलं, अन् पलंगावरून खाली न येणारे तुम्ही. मले वाटलं, आता तुम्ही बी अडकले अन् मी बी. मंग मी शिट्टी वाजवली ती ओठ फुटेपर्यंत.

तिघायले आधी रिकामी कयाक सापडली होती. काय झालं असंन त्यायचं, विचार करा. कप्तान छोटी मोटरबोट घेऊन आला. सौरव पुढे बसून रडून राहिला होता, मोठा माणूस. मले वर ओढलं अन् काय म्हणाला? "वहिनी, सुशीलले काय तोंड दाखवलं असतं आम्ही!"

ऋषीभाऊ बी तेच म्हणाले. गौरांग बी तेच. भेव वाटलं का तुमाले, असं कोणी विचारलं नाही. माणसं वाईट नाहीत हो. पण इतके दिवस झाले, या बोटीवर माझं नाव कोणी घेतलं नाही.

मंग फैसला झाला. आता वहिनी कयाकमध्ये बसणार नाहीत, बोट परत जाईपर्यंत वरच राहतील, सुशीलची अमानत आहे. मी ओलीचिंब, पदर म्हणावं तं पदर नाही, ओढणी पिळत उभी. अन् गौरांग हळूच म्हणते, "वहिनी, चहा टाकता का थोडा? सगळ्यायचे हातपाय गळून गेले."

टाकला. अद्रक घालून टाकला. हातच तसले मेले.

दिपाली


२५ जानेवारी
पोर्ट ब्लेअर, लॉजची गॅलरी

हे शेवटचं.

काल दुपारी बोट धक्क्याले लागली. उतरण्याआधी मी पिवळ्या कयाकवरची तुमच्या नावाची पट्टी नखानं खरडून काढली. या पत्रासोबत जोडून राहिली. तुमची वस्तू तुमाले.

रेंज आली तसे साऱ्यायचे फोन वाजायले लागले. लॉजच्या गॅलरीत आम्ही चौघं चहा घेत बसलो होतो. यावेळी चहा लॉजवाल्यानं आणला. ऋषीभाऊ म्हणाले, "चला, पहिले सुशीलले लावू," अन् फोन सगळ्यायले ऐकू येईन असा टेबलावर ठेवला. म्हटलं, आता फुटते माझं भांडं. तुम्ही कडाडणार, साऱ्यायसमोर माझी अब्रू जाणार. मी तयार होऊन बसली. तुमच्या शिव्या ऐकायची मी पूर्ण तयारी केली होती.

ऋषीभाऊ म्हणाले, "काय गा सुशील! मोठ्या मनाचा निघाला तू. वहिनीले पाठवलं!"

तुम्ही थोडं थांबले. किती थोडं! अन् मंग काय म्हणाले, आठवते का, की मी लिहू? म्हणाले, "अरे, घरात कोंडून राहते बिचारी. म्हटलं, जाऊन येऊ दे. मीच म्हटलं तिले, जा."

तिघं वा वा करून राहिले. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तं मी खाल्ल्या असत्या, तुमचा हक्क होता. पण माझ्या जन्मात मी एकच गोष्ट आपल्या मनानं केली. खोटं बोलून केली, भेत भेत केली, पण माझी होती. तीही तुम्ही पलंगावर बसल्या बसल्या उचलून आपल्या नावावर लावली! म्हणजे मी पळाली तरी तुम्हीच पळवली. समुद्रात मेली असती तरी सुशीलनं केवढ्या मनानं पाठवलं होतं, असंच म्हटलं असतं लोकांनी.

मी फोन उचलला. म्हटलं, "यायनं मले पाठवलं नाही. मी आपल्या मनानं आली. ऋषीभाऊ, तुमच्याशी मी खोटं बोलली. यायले तं मी ऑटोत बसेपर्यंत पत्ता नव्हता."

तिघं आपापल्या चपलांकडे पाहायले लागले.

मी फोनमध्ये म्हटलं, "ऐकलं का तुम्ही?"

टीव्हीचा आवाज नव्हता. मले कुबडी ऐकू आली, फरशीवर ठक् ठक्. मंग एक झाकण खाली पडलं अन् गोल गोल फिरून थांबलं. आपल्याच घरचं झाकण, मी लाखात ओळखीन. तुम्ही स्वयंपाकघरात होते. लग्न झाल्यापासून पाणी प्यायले बी तुम्ही त्या खोलीत आले नाही.

मंग तुम्ही विचारलं, लय हळू, "मिठाचा डबा कोणता आहे?"

तेवढंच. रागावले नाही, माफी नाही, कधी येते नाही. मंग म्हणाले, "प्रेमिला वर्ध्याले गेली. इंदूबाई आज आली नाही. आईले वरणभात टाकला आहे."

काय सांगू तुमाले! जीव तुटला माझा. एका पायावर उभे असाल, फळीवरचे डबे एकेक उघडून पाहत असाल, साखर, रवा, सोडा. अन् जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या, वरून कितवी फळी अन् कोणत्या रंगाचं झाकण. तिन्ही माणसं माझ्याकडे पाहून राहिली होती. मी ते गिळलं.

"शोधा," म्हटलं, अन् फोन ऋषीभाऊच्या हातात देऊन टाकला.

मले वाटलं, आता हे तिघं परतीच्या विमानात माझ्यापासून दूर बसतीन. पण कप उचलता उचलता ऋषीभाऊ म्हणाले, "दिपालीवहिनी, येत्या रविवारी आम्ही कन्हानले जाऊन राहिलो. येता का?" दिपालीवहिनी म्हणाले. सौरव म्हणाला, तुटलेली दोरी तो बदलून देईन.

मी हाव म्हटलं. तुमाले विचारून सांगते, असं म्हटलं नाही.

मी परत येऊन राहिली. तुम्ही बोलावलं म्हणून नाही, अन् दुसरं कुठं जायले जागा नाही म्हणूनही नाही. ते घर माझं बी आहे, म्हणून. आईंच्या पायाले तेल मी लावीन, त्या माझ्यावर रागावल्या असतीन तरी लावीन. तुमच्या गोळ्या देईन. दारातला कुकर मात्र उचलून बाजूले ठेवजा, मी त्याच्यावरून पुन्हा पुन्हा उड्या मारणार नाही.

रविवारी सकाळी मी कन्हानले जाईन. तुमचा गळ नेईन. मासा भेटला तं सोडणार नाही, घरी आणीन. साफ मी करणार नाही, शिजवणार बी नाही.

मिठाचा डबा कोणता, हे या पत्रातही लिहिलं नाही. रविवारपर्यंत शोधून ठेवजा.

दिपाली